लिक्विड क्रिस्टलमधले पृष्ठभागावरचे डिफेक्ट: काच धुण्यापासून चिन्ह ठरवण्यापर्यंत

एप्रिल-मे महिन्यात जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या प्रयोगशाळेत ५सीबी या लिक्विड क्रिस्टलची स्लाइड पोलरायझिंग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पुष्कळदा नुसता अंधार दिसतो. संशय आधी काचेवर जातो, मग पोलरायझरवर, शेवटी बाटलीवर. काच पुन्हा धुतात, नवीन सेल (दोन काचांमधली द्रव्य भरायची बारीक फट) बांधतात, अंधार तसाच राहतो. चूक यातल्या कशातच नसते. ५सीबीचं नेमॅटिक रूप, म्हणजे रेणू बहुतांशी एकाच दिशेला लागलेली द्रव अवस्था, साधारण ३५ अंश सेल्सिअसला संपतं आणि खोलीतला पारा तेव्हा ३९-४० वर असतो. बाटलीत आणि सेलमध्ये लिक्विड क्रिस्टल उरलेलंच नसतं, उरलेला असतो एक साधा द्रव.

हा लेख पदव्युत्तर प्रकल्पासाठी नेमॅटिकमधले टोपोलॉजिकल डिफेक्ट पाहणाऱ्या, मोजणाऱ्या आणि त्यांचं चिन्ह ठरवणाऱ्यांसाठी आहे. डायरेक्टर म्हणजे रेणूंची सरासरी दिशा, हे माहीत आहे असं धरलं आहे. डिफेक्ट म्हणजे जिथे ही दिशा ठरवताच येत नाही असा बिंदू किंवा रेषा. सर्वाधिक चुका तीन ठिकाणी होतात: तापमान, काचेचा पृष्ठभाग आणि चिन्ह ठरवताना स्टेज फिरवण्याची दिशा. लेखातला जास्त भागही त्यांच्यावरच आहे.

## टप्पा १: खोलीचा पारा बघून द्रव्य ठरवा

५सीबी साधारण २३ ते ३५ अंशांच्या दरम्यान नेमॅटिक असतं. पट्टा जेमतेम बारा अंशांचा. खानदेशात हा पट्टा दोन्ही बाजूंनी मोडतो. उन्हाळ्यात द्रव्य वितळतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाटलीत घट्ट पांढरा गोळा होतो. हिवाळ्यात ते बरेचदा २३ च्या खालीही काही वेळ नेमॅटिक राहतं, पण केव्हा स्फटिक होईल याचा भरवसा नसतो. सेलमध्ये अचानक सुयांसारखे रंगीत पंखे पसरले तर ती डिफेक्टची नक्षी नव्हे, द्रव्य गोठलं आहे.

मार्च ते जून या काळात ई७ वापरा. हे मिश्रण शून्याच्या खालपासून सुमारे ५८-६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारीही काम थांबत नाही. मात्र मिश्रण असल्याने बाटलीतून थेंब घेण्यापूर्वी पूर्ण बाटली ६५ अंशांपर्यंत गरम करून हलवा. नुसत्या वरच्या भागातून घेतलेल्या थेंबात घटकांचं प्रमाण बदललेलं असू शकतं. ५सीबी एकच संयुग आहे, पण गोठलं असेल तर तेही पूर्ण वितळवूनच घ्या.

तपासणी: कोणत्याही दिवसाची सुरुवात क्लिअरिंग तापमान, म्हणजे नेमॅटिक संपून साधा द्रव होतो ते तापमान, मोजून करा. हॉट स्टेजवर मिनिटाला अर्ध्या अंशाने तापवा आणि पूर्ण क्षेत्र काळं कधी होतं ते टिपा. स्वच्छ ५सीबी ३५ च्या आसपास एकदम काळं होतं. हे ३३ लाच झालं, किंवा काळे गोल ठिपके आणि उजळ भाग दीड-दोन अंशभर एकत्र रेंगाळले, तर द्रव्यात भेसळ आहे. बहुतेक वेळा ती कच्च्या गोंदाची किंवा उरलेल्या अ‍ॅसिटोनची असते. तो सेल टाकून द्या, त्यावर पुढचं काहीही मोजू नका.

## टप्पा २: काच कापा, मग धुवा

हा क्रम उलटा झालेला फार वेळा दिसतो. आधी धुतलेली काच नंतर कापली की काचेचा बारीक चुरा पृष्ठभागावर बसतो आणि प्रत्येक कण पुढे एकेक डिफेक्ट धरून ठेवतो. म्हणून ७५ बाय २५ मिलिमीटरची स्लाइड हव्या त्या मापात आधी कापून घ्या.

१. साध्या प्रयोगशाळेच्या डिटर्जंटचं १-२ टक्के द्रावण करा. हातमोजे घालून बोटांनी दोन्ही बाजू चोळा. अल्ट्रासोनिक बाथ असेल तर १५ मिनिटं.

२. नळाच्या पाण्याने फेस जाईपर्यंत धुवा आणि काच ओली असतानाच डिस्टिल्ड पाण्यात टाका.

३. डिस्टिल्ड पाणी दोनदा बदला, प्रत्येक वेळी पाच मिनिटं.

४. अ‍ॅसिटोनमध्ये पाच मिनिटं, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं. अ‍ॅसिटोन हवेत सुकू दिलं की मागे पुसट थर राहतो. त्यावर अल्कोहोल घालायचं ते एवढ्यासाठीच.

५. काच उभी ठेवून ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास.

दुसऱ्या पायरीतली ताकीद खानदेशात जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. बादलीच्या तळाला पांढरा थर धरतो तोच क्षार सुकत्या काचेवर गोल कड्या सोडतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसतात, आणि त्या कड्यांवरून डायरेक्टर वळतो. जुन्या प्रयोगशाळांत काच क्रोमिक आम्लात बुडवायची सवय आहे. ते विषारी आहे, शिवाय या कामाला लागत नाही.

तपासणी: धुतलेल्या काचेवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाका. तो सपाट पसरला तर काच स्वच्छ. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल राहिला तर तेलकटपणा शिल्लक आहे, पहिल्या पायरीवर परत जा.

सावध: धुवून झालेली काच टिश्यू पेपरने पुसू नका. एका दिशेने पुसल्यावर काच घासली जाते आणि रेणू त्याच दिशेने रांगेत बसतात. मग जिथे डिफेक्टची जाळी हवी तिथे सलग एकरंगी क्षेत्र मिळतं आणि कारण सापडत नाही.

## टप्पा ३: पृष्ठभाग कोणता हवा ते ठरवून लेप द्या

डिफेक्ट कोणते दिसणार हे द्रव्याइतकंच पृष्ठभाग ठरवतो. काचेला लागून रेणू आडवे असतील तर ते प्लॅनर, उभे असतील तर होमिओट्रॉपिक. आडवे पण कोणत्याही एका दिशेला बांधलेले नसतील तर त्या पृष्ठभागावर डायरेक्टर मोकळेपणी वळू शकतो. काळ्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे श्लीरेन टेक्सचर, पाहायची तर हा मोकळा प्लॅनर पृष्ठभागच हवा.

मोकळा प्लॅनर: वरीलप्रमाणे धुतलेली कोरी काच पुरेशी आहे. लेप नको, घासणं नको.

एका दिशेचा प्लॅनर: पॉलिव्हिनाइल अल्कोहोल १ टक्का, डिस्टिल्ड पाण्यात. पिठल्याचं बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की जशा गुठळ्या होतात तसंच याचंही होतं. म्हणून पावडर थंड पाण्यात ढवळत टाका, सगळी ओली झाल्यावर ८५-९० अंशांपर्यंत नेऊन तासभर ढवळत ठेवा, गार झाल्यावर गाळा. स्पिन कोटरवर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद. स्पिन कोटर नसेल तर काच बुडवून हळू, एका वेगाने वर काढा. ११० अंशांवर एक तास भाजा. मग मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने १५-२० वेळा घासा. मागे-पुढे नव्हे, प्रत्येक वेळी उचलून पुन्हा त्याच टोकापासून. घासल्याची दिशा काचेच्या कोपऱ्यावर खूण करून ठेवा. घासण्याने काचेवर स्थिर विद्युत येते आणि धूळ ओढली जाते, ती रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात. लेप पाण्यात विरघळणारा आहे, त्यामुळे घासल्यानंतर काच धुणं म्हणजे लेपच धुऊन टाकणं.

होमिओट्रॉपिक: डीएमओएपी नावाच्या सिलेनचं ०.५ ते १ टक्का द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करा, काच दहा मिनिटं बुडवा, डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवा, ११० अंशांवर एक तास भाजा. इथे धुणं आवश्यक आहे. जादा सिलेन राहिलं तर पांढुरके डाग येतात. सिलेन मिळत नसेल तर लेसिथिनचं ०.२ टक्के द्रावण हेक्सेनमध्ये करून त्यात काच बुडवा आणि सुकवा. हा लेप टिकाऊ नाही, त्याच दिवशी वापरा. हेक्सेन, अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोल तिन्ही पेटतात, जवळ बर्नर किंवा उघडी हीटर कॉइल नको.

## टप्पा ४: सेल बांधा आणि गरम असतानाच भरा

दोन काचांमध्ये १२ मायक्रॉनच्या मायलर पट्ट्या दोन कडांना ठेवा, चिमटे लावा, कडेने इपॉक्सी गोंद लावा. भरण्यासाठी समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या सोडा, नाहीतर हवा आत अडकते. गोंद पूर्ण वाळू द्या, रात्रभर ठेवलेलं उत्तम. कच्च्या गोंदातले रेणू लिक्विड क्रिस्टलमध्ये उतरतात आणि पहिल्या टप्प्यात सांगितलेलं क्लिअरिंग तापमान खाली येतं.

किती द्रव्य लागेल? १५ बाय १५ मिलिमीटर क्षेत्र आणि १२ मायक्रॉन जाडी म्हणजे २.७ घन मिलिमीटर, म्हणजेच २.७ मायक्रोलीटर. एवढाच थेंब लागतो. जास्त टाकलेलं द्रव्य बाहेर ओघळून काचेच्या बाहेरच्या बाजूला पसरतं आणि तिथे आपली वेगळी नक्षी तयार करतं. ती आतल्या नक्षीत मिसळून दिसते.

सेल आणि थेंब दोन्ही क्लिअरिंग तापमानाच्या वर ठेवून भरा: ५सीबीसाठी ४० अंश, ई७ साठी ६८-७०. आयसोट्रॉपिक, म्हणजे साध्या द्रवाच्या दिशाहीन अवस्थेत द्रव्य केशाकर्षणाने आत सरकतं आणि मागे दिशा सोडत नाही. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर प्रवाहाच्या दिशेने रेणू लागतात आणि कोऱ्या काचेला ती दिशा चिकटून राहते. नंतर तापवूनही ती पूर्ण पुसली जात नाही. या पृष्ठ-स्मृतीमुळे कोऱ्या काचेचा सेल नेमॅटिक अवस्थेत दिवसेंदिवस ठेवला की प्रत्येक वेळी डिफेक्ट त्याच त्याच जागी येऊ लागतात. मोजणीसाठी नवा सेल घ्या.

## टप्पा ५: नमुना ठेवण्याआधी सूक्ष्मदर्शक जुळवा

नमुन्याशिवाय पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर (नमुन्यानंतरचा दुसरा पोलरायझर) काटकोनात आणून क्षेत्र सर्वांत काळं होईल तिथे थांबा. मग कोरी स्लाइड ठेवून पाहा, काळेपणा बदलता कामा नये. प्लास्टिकची पेट्री डिश किंवा प्लास्टिक कव्हर स्लिप वापरू नका, ताणलेलं प्लास्टिक स्वतःच रंग दाखवतं.

यानंतर स्टेजचा मध्य जुळवा. धुळीचा एक कण क्रॉसहेअरवर आणा, स्टेज पूर्ण फिरवा आणि कण वर्तुळात फिरत असेल तर ऑब्जेक्टिव्हच्या किंवा स्टेजच्या सेंटरिंग स्क्रूने तो जागच्या जागी फिरेपर्यंत जुळवा. हे आत्ता केलं नाही तर आठव्या टप्प्यात स्टेज फिरवताना डिफेक्ट क्षेत्राबाहेर जाईल आणि चिन्ह ठरवता येणार नाही.

दिवा हॅलोजनचा असेल तर तो नमुना तापवतो. खोली ३३ अंशांवर असताना एवढी उष्णता ५सीबीला ३५ च्या पलीकडे न्यायला पुरते. प्रकाश कमी ठेवा, शक्य असेल तर एलईडी लावा. उन्हाळ्यात कूलर चालू असतो. त्याचा झोत हॉट स्टेजवर येऊ देऊ नका, नमुन्याची एक बाजू गार आणि दुसरी गरम राहते आणि नेमॅटिक-आयसोट्रॉपिक सीमा क्षेत्रात पुढेमागे सरकत राहते. छपराचा पंखाही मोजणीपुरता बंद.

## टप्पा ६: अंधार दिसला तर तो कोणता अंधार?

इथे थांबून नीट पाहिलंच पाहिजे. होमिओट्रॉपिक नेमॅटिक काटकोनातल्या पोलरायझरमध्ये काळं दिसतं. वितळून आयसोट्रॉपिक झालेला द्रवही काळाच दिसतो. दोन्हींत स्टेज फिरवली तरी अंधार कायम. लेप उत्तम बसला असा निष्कर्ष काढून लोक पुढे जातात आणि प्रत्यक्षात सेल नुसता वितळलेला असतो.

ओळखण्याची सोपी पद्धत: सुईच्या बोथट टोकाने कव्हर स्लिपवर हलकेच दाबा. नेमॅटिक असेल तर दाबलेल्या जागेभोवती उजेड चमकून जातो आणि सुई उचलल्यावर विझतो, कारण प्रवाहाने उभे रेणू क्षणभर कलतात. द्रव आयसोट्रॉपिक असेल तर काहीही होत नाही. दुसरी पद्धत ४० पट ऑब्जेक्टिव्ह आणि बर्ट्रांड लेन्सची (ही लेन्स नमुन्याऐवजी ऑब्जेक्टिव्हच्या मागची प्रतिमा दाखवते). होमिओट्रॉपिक नेमॅटिकमध्ये काळा क्रॉस दिसतो, आयसोट्रॉपिकमध्ये दिसत नाही.

## टप्पा ७: थंड करा, आणि खरे डिफेक्ट वेगळे काढा

५सीबी ३८ वरून ३३ वर, ई७ ६५ वरून ५० वर आणा. झटकन आणलं तर डिफेक्ट दाट येतात. मिनिटाला ०.१ अंशाने आणलं तर मोजके. जोड्या नष्ट होताना पाहायच्या असतील तर झटकन थंड करून लगेच दर पाच सेकंदांनी छायाचित्र घ्या. पहिल्या मिनिटात बदल वेगाने होतात. विरुद्ध चिन्हांचे दोन डिफेक्ट आधी सावकाश जवळ येतात, त्यांना जोडणारे काळे पट्टे आखूड होत जातात, आणि शेवटच्या काही मायक्रॉनमध्ये दोघं एकदम धावून एकमेकांत मिटतात. त्या जागी सलग रंग उरतो. हा शेवटचा वेग खरा असतो, स्टेज हलल्याचा भास नव्हे. अंतर साधारणपणे उरलेल्या वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं.

आता कचरा वेगळा काढायचा. खानदेशात कपाशीच्या हंगामात, जिनिंग चालू असताना, हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. कापसाचा तंतू काटकोनातल्या पोलरायझरमध्ये स्वतः चमकतो, आणि पिळदार असल्याने स्टेज फिरवली तरी कुठल्याच कोनात पूर्ण विझत नाही. नेमॅटिकमध्ये पडलेला असा तंतू वळणावळणाच्या डिफेक्ट-रेषेसारखाच वाटतो. नमुना क्लिअरिंगच्या वर न्या. डिफेक्ट नाहीसे होतात, सगळं क्षेत्र काळं होतं आणि तंतू एकटा चमकत राहतो.

धूळ, ओरखडा आणि क्षाराची कडी यांना हीच कसोटी दोनदा लावा: तापवा, थंड करा, पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा. दोन्ही वेळा नेमक्या त्याच जागी आलेला डिफेक्ट पृष्ठभागावरच्या एखाद्या दोषाला धरलेला आहे. तो मोजणीत वेगळा नोंदवा. हवेच्या बुडबुड्याची कड जाड काळ्या कड्यासारखी दिसते आणि अ‍ॅनालायझर काढला तरी तशीच राहते.

## टप्पा ८: ताकद आणि चिन्ह

एका डिफेक्टमधून निघणारे काळे पट्टे मोजा आणि चारने भागा. दोन पट्टे म्हणजे ताकद अर्धी, चार पट्टे म्हणजे एक. ताकदीचा अर्थ एवढाच: गाभ्याभोवती एक फेरी मारली तर डायरेक्टर किती फेऱ्या फिरतो. फेरीच्याच दिशेने फिरला तर चिन्ह धन, उलट फिरला तर ऋण. गाभ्याच्या दिसण्यातही फरक असतो. अर्ध्या ताकदीची रेषा एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जाते आणि तिचा गाभा बारीक, टोकदार दिसतो. ताकद एकचा गाभा धूसर असतो, कारण मधल्या जाडीत डायरेक्टर उभा होऊन सुटतो आणि खरे बिंदू-दोष फक्त वरच्या आणि खालच्या काचेवर उरतात. पृष्ठभागावरच्या या बिंदूंना बूजम म्हणतात. जाड सेलमध्ये २० पट ऑब्जेक्टिव्हने फोकस सावकाश वरून खाली नेला तर दोन्ही बूजम वेगवेगळ्या उंचीवर सापडतात.

चिन्हासाठी फिरवणं आवश्यक आहे, आणि सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. सर्वत्र वाचायला मिळणारा नियम म्हणजे 'पट्टे त्याच दिशेने फिरले तर धन, उलट फिरले तर ऋण'. हा नियम दोन्ही पोलरायझर एकत्र फिरवून नमुना स्थिर ठेवल्यास लागू होतो. आपण मात्र बहुतेक वेळा पोलरायझर स्थिर ठेवून स्टेज फिरवतो. तेव्हा नियम वेगळा आहे. ३० अंश फिरवल्यावर काय होतं ते दोन्ही बाबतींत असं:

पोलरायझर-अ‍ॅनालायझर दोन्ही ३० अंश फिरवले, नमुना स्थिर:
- +१: पट्टे त्याच दिशेने ३० अंश
- −१: उलट दिशेने ३० अंश
- +१/२: त्याच दिशेने ६० अंश
- −१/२: उलट दिशेने ६० अंश

स्टेज ३० अंश फिरवली, पोलरायझर स्थिर:
- +१: पट्टे जागच्या जागी, हलत नाहीत
- −१: स्टेजच्याच दिशेने ६० अंश
- +१/२: स्टेजच्या उलट दिशेने ३० अंश
- −१/२: स्टेजच्याच दिशेने ९० अंश

म्हणजे स्टेज फिरवताना 'त्याच दिशेने फिरतात' ही खूण ऋण डिफेक्टची आहे. पहिला नियम स्टेजला लावला तर −१, +१/२ आणि −१/२ यांची चिन्हं सरसकट उलटी लागतात, आणि न हलणाऱ्या +१ चं काय करायचं तेच कळत नाही.

स्टेज एकदम ३० अंश फिरवू नका, दहा-दहा अंशांनी फिरवा. −१ चे चार पट्टे एकमेकांपासून ९० अंशांवर असतात. मोठी उडी घेतली तर एका पट्ट्याच्या जागी शेजारचा पट्टा येतो आणि दिशा उलटी वाटते. फिरणारी स्टेज नसेल, साधा सूक्ष्मदर्शक आणि पोलरॉइडचे दोन तुकडे असतील, तर दोन्ही तुकड्यांखाली छापील कोनमापक चिकटवा आणि दोघांना त्याच दिशेने दहा-दहा अंश फिरवा. तेव्हा वरची पहिली यादी लागू होते.

तपासणी: मोकळ्या प्लॅनर सेलमध्ये काळ्या पट्ट्याने थेट जोडलेले शेजारचे दोन डिफेक्ट सहसा विरुद्ध चिन्हांचे निघतात. तुमच्या छायाचित्रात जोडलेल्या जोड्या समान चिन्हांच्या निघाल्या तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे, पुन्हा फिरवून पाहा. सगळीच चिन्हं उलटी लागली असतील तर मात्र ही तपासणी ते पकडत नाही.

टिंट प्लेटबद्दल एक गोष्ट. ५३० नॅनोमीटरची प्लेट घालून +१ डिफेक्टमध्ये डायरेक्टर चाकाच्या आऱ्यांसारखा पसरला आहे की वर्तुळात फिरतो हे निळ्या-पिवळ्या रंगांवरून ओळखता येतं, पण फक्त अगदी पातळ थरात. ५सीबीचा द्विअपवर्तन फरक सुमारे ०.१८. १० मायक्रॉनच्या सेलमध्ये मंदन (दोन ध्रुवित किरणांतला मार्गफरक) १८०० नॅनोमीटर होतं, आणि तिथे ५३० ची बेरीज-वजाबाकी रंगावरून वाचता येत नाही. जाड सेलमध्ये प्लेट घालून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नका.

## टप्पा ९: थेंब आणि ग्लिसरीनवरचा थर

वक्र पृष्ठभागावर डिफेक्ट टाळता येत नाहीत, म्हणून थेंबांचा प्रयोग शिकवायला फार चांगला आहे. ५सीबी वजनाने १ टक्का ग्लिसरीनमध्ये घेऊन काचेच्या काडीने जोरात ढवळा. ५ ते ३० मायक्रॉनचे थेंब निवडा. ग्लिसरीनच्या सीमेवर रेणू आडवे बसतात, थेंब बायपोलर होतो आणि दोन ध्रुवांवर दोन बूजम येतात. दोघांची पृष्ठभागावरची ताकद +१, बेरीज +२. गोलावर ही बेरीज नेहमी +२ च असते. तुमची बेरीज वेगळी आली तर एखादा डिफेक्ट थेंबाच्या मागच्या बाजूला आहे, फोकस खाली न्या.

उभे रेणू हवे असतील तर पाण्यात एसडीएस (साबणासारखं पृष्ठसक्रिय द्रव्य) घ्या: १०० मिलिलीटर डिस्टिल्ड पाण्यात ०.२९ ग्रॅम, म्हणजे सुमारे १० मिलिमोलर. बोअरचं पाणी घेतलं तर कॅल्शियमशी मिळून साका बसतो आणि प्रयोग फसतो. हिवाळ्याच्या सकाळी बाटलीत पांढऱ्या सुया दिसल्या तर द्रावण टाकू नका, कोमट करून विरघळवा. या थेंबात डायरेक्टर साळिंदराच्या काट्यांसारखा मध्यातून सगळीकडे पसरतो आणि केंद्रात एकच बिंदू-दोष राहतो. हा त्रिज्यीय थेंब.

चूक इथे अशी होते: बायपोलर थेंबाचा अक्ष पाहणाऱ्याच्या दिशेने असेल तर त्यातही क्रॉस दिसतो आणि तो त्रिज्यीय समजला जातो. कव्हर स्लिप किंचित सरकवून थेंब लोळवा. त्रिज्यीय थेंब कुठूनही सारखाच दिसतो, बायपोलर लगेच रूप बदलतो. अ‍ॅनालायझर काढूनही पाहा, त्रिज्यीयात मधोमध एक काळा ठिपका, बायपोलरमध्ये कडेला दोन.

ग्लिसरीनवरच्या मोकळ्या थरासाठी काचेच्या उथळ भांड्यात ग्लिसरीनचा मिलिमीटरभर थर घ्या आणि त्यावर ५सीबीचा १ मायक्रोलीटर थेंब सोडा. दोन चौरस सेंटिमीटरवर पसरला तर जाडी ५ मायक्रॉन. खाली ग्लिसरीनला रेणू आडवे, वर हवेला उभे. अशा थरात डायरेक्टर कललेला असल्याने त्याची पुढची आणि मागची बाजू एकसारखी राहत नाही, म्हणून अर्ध्या ताकदीचे डिफेक्ट इथे सुट्या बिंदूंच्या रूपात येऊच शकत नाहीत. सगळीकडे चारच पट्टे दिसायला हवेत. दोन पट्ट्यांचा डिफेक्ट दिसला तर वरचा किंवा खालचा पृष्ठभाग तुम्ही समजता तसा नाही. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, बाटली उघडी ठेवू नका आणि भांड्यात रोज नवीन घ्या.

## टप्पा १०: नोंद

प्रत्येक छायाचित्रावर चार गोष्टी लिहा: नमुन्याचं तापमान, थंड करण्याचा वेग, पोलरायझरची दिशा आणि स्केल. स्केलसाठी स्टेज मायक्रोमीटरचं छायाचित्र त्याच ऑब्जेक्टिव्हने घ्या. १ मिलिमीटरचे १०० भाग असतील तर एक भाग १० मायक्रॉन. कडेने कापले गेलेले डिफेक्ट मोजताना डावी आणि वरची कड धरा, उजवी आणि खालची सोडा, म्हणजे शेजारच्या छायाचित्रात तेच पुन्हा मोजले जात नाहीत. सेलवर भरल्याची तारीख आणि काचेचा लेप काचेवरच मार्करने लिहा, आवरणावर नको. उरलेलं द्रव्य आणि वापरलेले विद्रावक बेसिनमध्ये न ओतता झाकणाच्या काचेच्या बाटलीत गोळा करा आणि बाटलीवर नाव लिहून ठेवा.